हमीदाआपांची सही

कॉम्प्युटरशी भांडणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. त्याच्यावर डाफरणारे, त्याला थापट्या मारणारे, त्याच्या नावानं शिव्या घालणारे पुष्कळ पाहिले. पण तो काय म्हणतोय ते आधी ऐकून घेऊन मग त्याला मुद्देसूद उत्तर देणाऱ्या हमीदाआपा एकट्याच.

पडद्यावर एखादी चौकट उगवली की आम्ही बाकीचे 'यस' दाबून मोकळे व्हायचो. आपा हात आडवा धरायच्या. "थांबा भाऊ. आधी विचारतंय काय ते तर बघू." मग कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा आणि एकेक इंग्रजी शब्द सुटा करून मोठ्यानं वाचन व्हायचं. वाचून झालं की निकाल. "म्हणतंय, ही फाइल धोक्याची असू शकते. असू शकते म्हणजे काय? आहे की नाही ते सांग. शकते-बिकते माझ्याकडे चालणार नाही." चौकट बिचारी तशीच उभी असायची.

जव्हारला एस.टी. स्टँडच्या वरच्या अंगाला आमच्या संस्थेचं कार्यालय होतं. मी मोखाड्याकडच्या बंधाऱ्यांची कामं बघायचो, त्यामुळे आठवड्यातला बराच वेळ डोंगरात आणि उरलेला आपांच्या समोरच्या टेबलावर. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गावात इंटरनेट नुकतं आलं होतं आणि फोनची लाइन पावसाच्या आणि वाऱ्याच्या मर्जीवर चालायची. आपा मूळच्या टायपिस्ट. मशीन बदललं तशा त्या कॉम्प्युटरवर आल्या, पण टाइपरायटरची सवय सुटली नव्हती. ओळ संपली की उजवा हात उगाच हवेत जाऊन यायचा.

आपांचं घराणं शिक्केवाल्यांचं. बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचं, बशीरचाचांचं, रबरी शिक्के करायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं फळीवर उभं राहायचं. पण त्या दुकानाची एक भिंत बघण्यासारखी होती. चाचांनी केलेल्या प्रत्येक शिक्क्याचा पहिला छाप त्या भिंतीवर मारलेला. सरपंच, सोसायट्या, मास्तर, डॉक्टर, मशिदीची कमिटी, देवळाची कमिटी, सगळे एकाच भिंतीवर खेटून. कोणी खोटा शिक्का मारला तर चाचांच्या भिंतीशी ताडून बघायची सोय होती. गावाबाहेरचा ऐतिहासिक शिरपामाळ बघायला आलेले पाहुणेही वाट वाकडी करून ती भिंत बघून जायचे. आणि चाचांचा एक नियम होता: शिक्का ज्याचा, त्यानं स्वतः यायचं. शिपायाला पाठवलंत, भाच्याला पाठवलंत, तर चहा मिळेल, शिक्का मिळणार नाही. एकदा कुठल्याशा मोठ्या साहेबांनी जीप पाठवली. चाचांनी जीप परत पाठवली. "साहेबांना म्हणावं, तुमचं नाव आहे, जीपचं नाही."

अशा बापाची लेक. तिच्याकडून 'हो साहेब' निघणं अवघडच होतं.

आता निरोपांचं सांगतो, कारण आपांची सगळी लढाई त्यावरच झाली. आमच्या भागात दिवाळी झाली, भात झोडून झालं, की गावंच्या गावं कामाला उतरतात. वसई, भिवंडी, ठाणे. घरात म्हातारी माणसं आणि कोंबड्या राहतात. गेलेला माणूस जगला-वाचला का, हे होळीला तो परत आला की कळायचं. आपांनी यात लक्ष घातलं. भिवंडीत आमच्या संस्थेची एक खोली होती, तिथं कमलताई बसायची. कामगारानं सुट्टीच्या दिवशी येऊन तिला निरोप सांगायचा, तिनं तो मेलनं जव्हारला पाठवायचा, आपांनी छापायचा, आणि गावाकडं जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपवाल्याकडं द्यायचा. गावात जो कोणी वाचणारा असेल तो पारावर सगळ्यांना वाचून दाखवायचा.

बघता बघता मेलचा ढीग पडायला लागला. तेव्हा आपांनी एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे मेलच्या प्रोग्रामला एकदा शिकवून ठेवलेलं काम. मग ते त्यानं आपलं आपण करायचं. जामसरचे निरोप जामसरच्या गठ्ठ्यात, वावरचे वावरच्या, गाववार लावून छापून बाहेर. हे त्या कुठं शिकल्या म्हणाल तर चुका करकरून. पहिल्या प्रयत्नात मशीननं एकच निरोप कागद संपेपर्यंत छापला. आपा म्हणाल्या, "हट्टी आहे. जमेल आमचं."

त्यांची खरी चूक पुढं झाली. काम वाढलं तसं त्यांनी कमलताईला फर्मावलं, "गप्पा नकोत. कामाचं तेवढंच लिही." कमलताईनं निरोप छाटायला सुरुवात केली. त्या वर्षी होळी होऊन गेली आणि जामसरची सुकरीबाय कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. म्हातारी, काटक, डोक्यावर फडकं. तिचा मुलगा लहानू भिवंडीकडं विटांच्या कामावर होता.

"बाय, माझा लहानू होळीला आला नाय," ती म्हणाली. "वाटंवर बसलू मी. त्याचा वाटा झाकून ठेवला, तो कोंबड्यांना घातला."

आपा चकित. "अगं, मी कागद धाडला होता! मालक सोडत नाही, होळीला येत नाही म्हणून."

"आलेला कागूद. चुलीत घातला."

"का?"

"खूण नव्हती त्यात," सुकरीबाय म्हणाली. जणू हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि ठाऊक असतंच. डोंगरातली जुनी रीत आहे ती. परगावाहून माणसाच्या तोंडी निरोप धाडायचा तर त्याबरोबर एक खूण सांगायची. घरच्यांखेरीज कोणाला माहीत नसलेली एखादी गोष्ट. कुऱ्हाडीचा दांडा कुठं तुटला, भावाला विंचू कुठं चावला, असं काहीही. खूण पटली तर निरोप आपल्या माणसाचा. नाही पटली तर आणणारा किती का मोठा असेना, त्याला पाणी द्यायचं आणि वाटेला लावायचं. लहानूनं खूण सांगितली होती. कमलताईनं ती गप्पा समजून गाळली होती, आपांच्याच हुकमावरून.

मला वाटलं आपा काहीतरी सबब सांगतील. त्या उठल्या, सुकरीबायला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या देखत भिवंडीला फोन लावला. "कमल, माझं चुकलं. आजपासून एक शब्द कापायचा नाही. माणूस खोकला तर खोकला लिही. आणि खूण नसलेला निरोप मला धाडूच नको." फोन ठेवून त्यांनी मॅक्रोही बदलला. निरोपात 'खूण' हा शब्द नसला तर मेल आल्या पावली भिवंडीला परत जायचा. आपा एवढ्या फुशारल्या होत्या त्या दिवशी! "आता माझं मशीन डोंगरातलं झालं," म्हणाल्या.

पुढच्या मोसमात लहानूचाच निरोप आला. "मुकादम हात उचलतो. धाकट्या शंकरला इकडं धाडू नका. कोणालाच धाडू नका. खूण: मोठ्या पावसात वाहून चाललेला बोकड मी शिंगाला धरून काढला, तेव्हा तू मलाच मारलंस."

जामसरच्या पारावर तो निरोप वाचला गेला. शेवटची ओळ ऐकून सुकरीबाय म्हणाली, "माझाच." दोन दिवसांनी माणसं न्यायला मुकादमाचा ट्रक आला आणि रिकामा परत गेला.

ट्रक रिकामा गेल्याचा आवाज थेट मुंबईत आमच्या मुख्य कार्यालयात ऐकू गेला. तो मुकादम ज्यांच्यासाठी माणसं नेत होता ते शेठ आमच्या संस्थेचे हितचिंतक निघाले. मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन आला. यापुढे सगळे निरोप आधी मुंबईला येतील, साहेब ते बघतील, योग्य वाटले तर पुढे जातील. आणि ते खुणाबिणांचं काढून टाका, शोभत नाही.

आपा शांतपणे म्हणाल्या, "साहेब, निरोप तुम्हाला नाहीत. जामसरला आहेत."

त्या सुमारास मेलमधून व्हायरस पसरायचे, मशीनंच्या मशीनं बसायची. त्याचं निमित्त झालं. मुंबईहून एक माणूस येऊन आमच्या कॉम्प्युटरवर मेलचा नवा प्रोग्राम घालून गेला. दुसऱ्या दिवशी आपांचा मॅक्रो चालेना. पडद्यावर चौकट. आपांनी चष्मा खाली घेतला आणि वाचून दाखवलं: सुरक्षेचं सेटिंग वरचं आहे, ज्या मॅक्रोवर ओळखीची सही नाही तो चालणार नाही.

"सही?" मी म्हणालो. "कॉम्प्युटरमध्ये कसली सही?"

असते म्हणे. डिजिटल सही. हा प्रोग्राम अमक्यानं लिहिला, आणि लिहिल्यावर मध्ये कोणी हात लावलेला नाही, याची ती खात्री. साहेबांनी फोनवर समजावलं. आमच्याकडे संस्थेची सही आहे, तुमचा मॅक्रो पाठवा, आम्ही तपासून सही करून देऊ. फक्त निरोप आधी मुंबईला वळतील एवढा बदल त्यात करून द्या. आवाज अगदी लोण्यासारखा होता.

भिवंडीहून मेल येतच होते आणि मशीनमध्ये साचत होते. एकेक हातानं उघडून, लावून, छापून धाडायचं म्हटलं तर फोनची लाइन तेवढा वेळ टिकायची नाही. आपा जमेल तेवढे काढायच्या, पण कितीतरी गावांच्या जीपा रिकाम्या गेल्या. मी घायकुतीला आलो. म्हटलं, "आपा, सोपं आहे. ते सुरक्षेचं सेटिंग खाली करा. मग सही लागत नाही, सगळं चालतं."

माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की मी खुर्ची मागं घेतली.

"सगळं चालतं म्हणजे कोणाचंही चालतं! उद्या मुकादमाचा प्रोग्रामही आत येऊन बसेल. दार काढून टाकायला सांगता मला? दार राहू दे. मला माझी चावी पाहिजे."

चावी त्यांना सापडली. कशी, तर त्यांच्या त्या वाचायच्या खोडीनं. प्रोग्रामची सीडी घालून त्यातली मदतीची पानं त्या जेवणाच्या सुट्टीत डबा खात वाचत बसल्या. नागलीची भाकरी एका हातात, माउस दुसऱ्या. दोन-तीन दिवसांनी एका दुपारी ओरडल्या, "भाऊ, इकडं या! इथं आपली आपण सही करायची सोय आहे!"

सीडीवर एक छोटा प्रोग्राम होता. त्याला आपलं नाव सांगायचं, तो त्या नावाचं सर्टिफिकेट करून द्यायचा, आणि त्यानं मॅक्रोवर सही मारता यायची. करण्यापूर्वी मात्र त्यानं एक लांबलचक चौकट काढली. आपांनी ती उभं राहून वाचली. या सर्टिफिकेटाला कोणत्याही अधिकाऱ्याची खात्री नाही. ते बनावट असू शकतं. ते फक्त याच मशीनवर चालेल, दुसऱ्या मशीनवर कोणी मानणार नाही.

"कोणाची खात्री नाही म्हणतंय," आपा म्हणाल्या. "अरे, मी देतेय ना खात्री! मी कोण म्हणून बसलेय इथं?"

त्यांनी नाव लिहिलं. हमीदा बशीर शिक्केवाले. बटण दाबलं. सर्टिफिकेट उघडून बघितलं तर त्यात दोन ओळी होत्या. कोणाला दिलं: हमीदा बशीर शिक्केवाले. कोणी दिलं: हमीदा बशीर शिक्केवाले.

आपा हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. जन्मभर त्या बाईनं कागदावर कोणा ना कोणाचं साक्षांकन आणलेलं होतं. दाखल्याला, रेशनकार्डाला, नोकरीच्या अर्जाला. ही तीच बाई आहे असं कोणीतरी मोठ्या माणसानं सांगायला हवं असायचं. इथं पहिल्यांदा ती स्वतःच सांगत होती आणि मशीन ऐकत होतं. मलाही भरून आलं, हे लपवत नाही.

सही केलेला मॅक्रो चालू केला. साचलेले निरोप गावागावांचे गठ्ठे होऊन बाहेर पडायला लागले. आपांनी त्या सर्टिफिकेटाचं पान छापलं, पदराखाली धरून बाजारात नेलं आणि बापापुढं ठेवलं. मी बरोबर होतो. बशीरचाचांनी पान उजेडाकडं धरलं.

"शिक्का कुठाय?"

"शिक्का मशीनच्या पोटात आहे अब्बा. हा त्याचा पहिला छाप."

"करणाऱ्यानं स्वतः येऊन केला?"

"स्वतः."

चाचांनी गोंदाची बाटली पुढं सरकवली. पान भिंतीवर गेलं, सरपंच आणि डॉक्टरांच्या मधोमध.

साहेब स्वतः जव्हारला आले ते महिन्याभरानं. घाट चढून आल्यानं आधीच वैतागलेले, त्यात प्रिंटर चालू. निरोप तर अजून मुंबईला न जाता सरळ गावात जात होते.

"हमीदाबाई, याला सही कोणी दिली?"

"मी."

"तुम्हाला अधिकार कोणी दिला?"

"मीच."

"असं चालत नाही."

"चालतंय. बघा," आपा म्हणाल्या आणि प्रिंटरकडं बोट दाखवलं. मी आयुष्यात अनेक मोर्चे बघितले, पण त्या बोटाइतकी जोरकस घोषणा ऐकली नाही.

साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी मशीन नेलं. ते संस्थेचं होतं, त्यांचा हक्क होता. मुंबईचा माणूस वायरी सोडवत असताना आपा शेजारी उभ्या होत्या. "जपून ने," त्याला म्हणाल्या. "आणि साहेबांना सांग, माझी सही त्यात आहे म्हणून ती तुमची होत नाही." मग त्यांनी ड्रॉवरमधून मॅक्रोची फ्लॉपी काढून पिशवीत टाकली, राजीनामा लिहिला, मोठ्यानं वाचून बघितला आणि टेबलावर ठेवून पायऱ्या उतरल्या. मागं वळून बघितलं नाही. मला फार राग आला होता, सगळ्यांचाच. तिथं बसून राहिलेल्या माझासुद्धा.

त्यानंतर मुंबईहून परस्पर छापील निरोप यायला लागले. सुबक कागद, वर संस्थेचं नाव. 'आम्ही सर्व मजेत आहोत. काळजी नसावी. काम चांगले आहे, आणखी माणसे पाठवावीत.' जीपवाले ते गावात द्यायचे. शंकरला न्यायला ट्रक पुन्हा येणार अशी बोलवा होती, आणि लहानूच्या नावानंही असा एक कागद आला. तो कुठं गेला हे सांगायला नको. चुली पेटायला बरा होता कागद, असं जीपवाला म्हणाला.

माझी बदली झाली होती. नाशिकची गाडी धरायची म्हणून स्टँडवर सामान टाकलं आणि शेवटचं भेटून यावं म्हणून बाजारात गेलो. शिक्क्यांच्या दुकानासमोर गर्दी. आत फळीवर कोणाचासा जुना कॉम्प्युटर, त्याला दुकानाच्या फोनची वायर, आणि पुढं आपा. बशीरचाचांना रबर कापायला कोपरा उरला होता. सुकरीबाय आपांच्या खांद्याशी उभी होती. तिच्यामागं शंकर, दांडगा झालेला, कपड्यांचं गाठोडं घेऊनच आलेला. जायचं की नाही हे आज ठरणार होतं.

"बाय, लहानूचं काय हाय ते बघ," सुकरीबाय म्हणाली. "खरं काय ते तुझ्याकडं येल."

कमलताईनं आपांच्या नव्या पत्त्यावर निरोप धाडले होते. मशीन नवीन, म्हणून जुनी सही इथं चालत नव्हती. आपांनी पुन्हा सर्टिफिकेट केलं, पुन्हा तेच नाव, पुन्हा मॅक्रोवर सही. आणि चौकट उगवली. आपांनी सवयीनं हात आडवा धरला, चष्मा खाली घेतला.

"विचारतंय, हे हमीदा बशीर शिक्केवाले हिनं लिहिलंय. हिच्यावर भरवसा ठेवायचा का?"

सगळी गर्दी पडद्याकडं वाकली. मग सुकरीबाय म्हणाली, "कोणाला इचारतं? तुला?"

"जो कोणी समोर बसलाय त्याला."

"मंग सांग त्याला, ठेवायचा."

"आणखी एक विचारतंय. आजच्यापुरता, की कायम?"

"कायम म्हण," सुकरीबाय म्हणाली. मागून जीपवालाही म्हणाला, "कायम!" आणि कोपऱ्यातून चाचांनी नुसती मान हलवली.

आपांनी कायमवर खूण केली. प्रिंटर खडखडला. पहिलाच कागद जामसरचा आला. आपांनी वाचला, "मी मुकादम सोडला. मार खाल्ला पण सुटलो. घरी येतो. शंकरला धाडू नका. खूण: बोकड काढला तेव्हा तू मारलंस, आणि मग रात्रभर माझे पाय शेकलेस."

"माझाच," सुकरीबाय म्हणाली. तिनं मागं न बघता हात लांबवला आणि शंकरचं गाठोडं काढून घेतलं.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. बाजारातून गाडी वळते तिथून ते दुकान खिडकीतून क्षणभर दिसतं. आपा स्टुलावर चढून भिंतीवर नवीन पान चिकटवत होत्या, जुन्याच्या शेजारी. फोन वाजला असावा, चाचांनी रिसीव्हर वर दिला. गाडीचा आवाज असूनही आपांचं बोलणं ऐकू आलं, कारण त्यांना हळू बोलताच यायचं नाही.

"हो साहेब, सर्टिफिकेट नवीन आहे. मीच दिलंय. हो, मलाच दिलंय."